गांडूळसरांचं पुस्तक

आमच्या वन्सं नेमकं काय काम करतात, हे माझ्या माहेरी कुणालाच धड कळलं नाही. "पुस्तकं लिहितात का गं?" नाही. "छापतात?" तेही नाही. विद्यापीठातल्या लोकांच्या डोक्यात पडून राहिलेली पुस्तकं हुडकायची आणि मागे लागून ती प्रकाशनासाठी मिळवायची. "म्हणजे पोलिसात आहेत म्हणा की!" माझा भाऊ म्हणाला. वन्संना ते फार आवडलं.

"पुस्तक कुठवर आलं?" असं त्या कधी विचारत नसत. गुडघे कसे आहेत, मुलीची परीक्षा झाली का, असं सगळं विचारून झाल्यावर चप्पल घालता घालता म्हणत, "तिसरं प्रकरण तेवढं बघायला द्या." पहिलं मागायचंच नाही. पहिल्या प्रकरणात अख्खं जग मावलं पाहिजे असं विद्वानांना वाटतं आणि ते तिथेच रुतून बसतात. या युक्तीने वन्संनी कपाटं भरतील इतकी पुस्तकं मिळवली.

राहिले ते एकटे गांडूळसर. जन्मभर गांडुळांचा अभ्यास केलेला माणूस. नोकरीत नवीन असताना वन्सं भिडेपोटी त्यांना म्हणून गेल्या होत्या, "सावकाश द्या सर, घाई नाही." सरांनी ते शब्दशः पाळलं. दोघांचेही केस पांढरे झाले. आता महिनाअखेर वन्सं निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी येणाऱ्या तरुण साहेबांनी सांगून टाकलं होतं, रखडलेले जुने करार रद्द.

"वहिनी, गाडी काढतेस? आज सोक्षमोक्ष लावते," वन्सं म्हणाल्या.

सरांच्या बैठकीत खुर्च्यांवर कागदांचे गठ्ठे बसले होते. सरांच्या बायकोने एक गठ्ठा खाली ठेवून आम्हाला जागा केली. "ही माझी सवत. न्या हो हिला एकदाची."

"एकच प्रकरण राहिलंय," सर म्हणाले. "खोल मातीतल्या जातींचं. रोज काहीतरी नवीन सापडतंय."

एरवी वन्सं मान डोलावून उठल्या असत्या. आज म्हणाल्या, "सर, या महिन्यानंतर हे मागायला कुणी येणार नाही. करारच रद्द होईल."

"धमकी देताय?"

"हो."

"बरं झालं, कुणीतरी दिली!" आतून सरांच्या बायकोचा आवाज आला.

"अहो, पण खोल मातीशिवाय पुस्तक म्हणजे जिन्याशिवाय माडी!" सर म्हणाले.

"खोल मातीचं वेगळं पुस्तक करू. दुसरं."

सरांनी चष्मा काढला. "आणि ते मागायला कोण येणार? तुम्ही तर चाललात."

निवृत्तीनंतर एकाही प्राध्यापकाचं दार वाजवणार नाही, दुपारी मस्त ताणून देणार, असं वन्सं वर्षभर आम्हाला ऐकवत होत्या.

"मीच येईन," त्या शेवटी म्हणाल्या. "कचेरी नसली म्हणून काय झालं?"

सरांनी पुस्तकाचा गठ्ठा उचलला, त्यांच्याकडे सरकवला आणि पुन्हा अर्धवट मागे ओढला. तेवढ्यात बायकोने पिशवी आणून तो आत घातलासुद्धा.

गाडीत वन्संनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर आपटते. बघू कसे रद्द करतात!" मग पहिलं पान काढलं, पर्समधली पेन्सिल काढली. "अगं, पहिलंच वाक्य पानभर आहे! काय माणूस आहे!"

घर आलं, मी गाडी बंद केली, तरी त्या उतरेनात.

"तू हो पुढे," मान वर न करता म्हणाल्या. "मी एवढं प्रकरण बघून येते."