डाळिंबी शालू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातल्या कुणाला ओळखत नाही — की हीसुद्धा माझी पळवाटच?

ते दुष्काळाचं साल. शेवगावकडची माणसं खडी फोडत होती, आणि आम्ही कोल्हारचे ऊसवाले नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला मुंबईला निघालो होतो. नगरचा कापडबाजार काय वाईट होता? पण व्याह्यांचे डोळे दिपायला हवे होते ना.

त्या काळी नवरी मुलगी बस्त्याला जात नसे. निघायच्या आधी कमळनं, माझ्या नणंदेनं, मला चुलीपाशी गाठलं. "वैनी, हिरवा शालू नको. हिरव्यात मी लईच काळी दिसते. डाळिंबी आना. आईला सांगायची लाज वाटती मला — तुमी सांगा."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले होते. पण त्याला आता काय अर्थ आहे?

फोर्टातलं ते दुकान — काचेचं दार, आत गारेगार. आम्ही सवयीनं दाराशीच चपला काढल्या, तर दरवान हसला. आत विक्रेत्यानं डाळिंबी शालू उलगडला आणि रंग दाखवायला म्हणून माझ्याच खांद्यावर टाकला. समोर डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा. आमच्या घरी आरसा तोंडापुरता. मी स्वतःला अशी अख्खी कधी पाहिलीच नव्हती. काय सांगू — मी फार सुंदर दिसत होते.

सासूबाईंनी विचारलं, "सुमन, कमळीला कंचा आवडंल गं? तुला ठावं आसंल."

आमच्यात नवरीचा रंग एकदा ठरला की घरातल्या दुसऱ्या बाईनं तो घ्यायचा नाही. म्हणजे तिला डाळिंबी, तर मला नाही. मी म्हणाले, हिरवा. डाळिंबी माझ्या मानाचा म्हणून बांधला गेला.

एवढंच असतं तर हाव म्हणून मी कधीच विसरून गेले असते. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

घरी बस्ता सोडला, आळीतल्या बायका जमल्या. कमळनं हिरवा शालू पाहिला, मग माझ्या मांडीवरचा पाहिला. सगळ्या पांगल्यावर हळूच म्हणाली, "आईला सांगितलं न्हाई का तुमी?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? शालू तिच्या हातात देता आला असता. मी म्हणाले, "सांगितलं की. आत्या म्हनल्या, काळ्या पोरीला कंचाबी रंग सारखाच."

सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणायची — असं जन्मात बोलल्या नव्हत्या. ते शब्द माझे होते. मुंबईहून येताना जुळवले, की तिथंच सुचले? आठवत नाही. कमळचा चेहरा तेवढा आठवतो. मारलेल्या माणसाचा असतो तसा. दगा मी दिला, आणि तो तिनं आईच्या नावावर मांडला.

सासरी जाताना ती आईच्या गळ्यात पडली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेसुद्धा तिनं सासरीच केलं. सासूबाई मला विचारायच्या, "माजं काय चुकलं गं?" मी म्हणायची, काही नाही आत्या, संसारात गुंतलीय ती. त्यांना ते पटायचं. माझं सगळंच पटायचं त्यांना.

सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं, वाचा गेली, तेव्हा कमळ आली. खाटेपाशी बसली. म्हणाली, "आई, तू मला तसं का म्हनली हुतीस?"

सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. काय म्हटलं होतं, हेच त्यांना कळेना. ओठ नुसते हलत होते. मी उशाशी वाटी-चमचा घेऊन बसले होते. मी त्यांच्या तोंडात आणखी एक चमचा पाणी घातलं.