गाथोगोच्या खांद्यावरचा बोल्ट

किरिन्यागा रोडवर फुंदी स्योकाऊला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो आज सकाळीच नैरोबीत उतरलेला असतो नाहीतर ठार बहिरा असतो. फुंदी म्हणजे मिस्त्री. ज्या मटाटू बसगाड्या जवळून गेल्या की त्यांच्या गाण्यांच्या दणक्याने दुकानांच्या काचा थरथरतात आणि चहाच्या कपात लाटा उठतात, त्यातल्या निम्म्या तरी तिच्या हाताखालून गेलेल्या. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना विनय तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. तिचं म्हणणं असं, की लाजायचं ते वाईट काम करणाऱ्याने.

माचाकोसकडच्या डोंगरातून ती शहरात आली ती धुणीभांडी करायला. ज्या घरी काम करायची, त्या घरचा बंद रेडिओ दुरुस्तीला घेऊन एकदा किरिन्यागा रोडवर आली आणि मिस्त्री तो उघडत असताना त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. मग पुन्हा आली, मग रोज यायला लागली आणि एक दिवस धुणीभांडी सुटली ती सुटलीच. रस्त्यावरचे पुरुष म्हणायचे, बाई, भाजीचा बाजार वरच्या अंगाला आहे, वाट चुकलीस. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. टोमणे मारणाऱ्यांतले बरेच जण पुढे तिच्याकडेच अडलेलं काम घेऊन यायला लागले, तेव्हा मात्र तिने एकेकाला भाजीचा भाव विचारला.

तिच्या कामाची एक खूण होती. तिची आई गावाकडे सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या, दोरीच्या टोपल्या विणायची, आणि त्या टोपलीचाच टाका स्योकाऊने वायरींना लावला. बाकीचे लोक वायरींचा जुडगा टेपने गुंडाळतात. स्योकाऊ टेपचं नाव काढलं तरी नाक मुरडायची. आमच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, वायरी सुटतात आणि मग घासून उघड्या पडतात. ती बारीक सिसलच्या दोरीने जुडगा शिवून काढायची, वितीएवढ्या अंतरावर एकेक गाठ, आणि गाठीचं टोक आत दाबलेलं. ते काम कापल्याशिवाय सुटत नसे.

आता तिच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. जो तो तिला अमक्याची आई म्हणून हाक मारतो, आणि त्यात मान असतो. स्योकाऊला तो मान नको होता. तिची एकुलती एक मुलगी मुंबुआ. पण कोपऱ्यावर मांडाझी, म्हणजे गोडसर फुगऱ्या पुऱ्या, तळणारी न्डुकू एकदा तिला सहज "मुंबुआची आई" म्हणाली, तर ही बया गरम मांडाझी तशीच ताटलीत ठेवून निघून गेली. या नावासाठी मी हाडं झिजवली आहेत, ती म्हणायची, ते पोरीच्या नावाखाली झाकायला नाही. त्यानंतर रस्त्यावर कुणाची टाप नव्हती तसं म्हणायची.

आणि नेमकी पोरगी तिच्यावर गेली. मुंबुआ आईच्याच ठेल्यावर शिकली, आईसारखी तयार झाली, आणि एक दिवस म्हणाली की इथे मला सगळे स्योकाऊची पोरगीच म्हणतात, मला माझं नाव हवं आहे. हे वाक्य ती कुठून शिकली हे सगळ्या रस्त्याला कळलं, फक्त स्योकाऊला कळलं नाही. ती म्हणाली, "जा मग. बाहेर कोण विचारतं ते बघ." मुंबुआ गेली, आणि तिने शहराबाहेर रोंगाईला स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून नाताळात दोघी गावी जायच्या खऱ्या, पण एकमेकींना मीठ हवं असलं तरी तिसऱ्याला सांगायच्या.

अशात एका सकाळी "रादी" बस स्योकाऊच्या ठेल्यासमोर येऊन उभी राहिली. रादी म्हणजे आभाळातला कडकडाट. रोंगाईच्या वाटेवरची ही सगळ्यात गाजलेली बस, आणि आज ती चक्क मुकी होती. तिच्यातून मालकीण वांगेची उतरली. थोरल्या मुलीच्या नावावरून सगळे तिला न्जेरीची आई म्हणत. नवरा गाथोगो वारल्यापासून बसचा कारभार तीच बघत होती. तिच्यामागून ड्रायव्हर ओडुओर उतरला. तो आधी गाथोगोचा कंडक्टर होता, आणि त्याला मालक नव्हे, बापच मानायचा.

वांगेचीने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. नवा ॲम्प्लिफायर आणि मोठा सबवूफर बसवून घेतला होता. थोडे महिने आवाज असा, की प्रवासी दुसऱ्या बस सोडून हिची वाट बघत. मग गाण्यात शिट्टी वाजायला लागली, आणि इंजिनाचा वेग वाढला की शिट्टीही वाढायची. त्यानंतर स्टेरिओ जळाला. नवा बसवला, तोही जळाला. आता स्टॅंडवरचे लोक बसचं नाव बदला म्हणून दात काढत होते.

"वायरिंग कुणाचं?" स्योकाऊने विचारलं.

"तुझ्या मुंबुआचं."

स्योकाऊचा चेहरा दगडासारखा राहिला. मांडाझी तळणाऱ्या न्डुकूचा झारा मात्र कढईतच थांबला.

"म्हणूनच तुझ्याकडे आले," वांगेची म्हणाली. "स्टॅंडवरच्या सगळ्या बसवाल्यांचं ठरलंय. स्योकाऊ म्हणाली पोरीची चूक, तर त्या पोरीकडे यापुढे एकही बस जायची नाही. स्योकाऊ म्हणाली नाही, तर नाही. तू स्वतःच्या आईशीही खोटं बोलणार नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खोटं बोलावं तर आयुष्यभर कमावलेला शब्द जातो, आणि खरं वाईट निघालं तर पोरीचं दुकान बुडतं. तिला पोरीचा राग होता, पण तो पोटच्या पोरीवरचा राग होता. दुकान बुडावं असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "काय असेल ते सांगेन," एवढंच ती म्हणाली, आणि मीटर घेऊन बसमध्ये चढली.

एव्हाना शेजारच्या ठेल्यांवरचे मिस्त्री जमले होते आणि पैजा लागल्या होत्या. या बस ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या, त्यांची वीज चोवीस व्होल्टची. स्टेरिओला आणि ॲम्प्लिफायरला हवी बारा. मधे वीज उतरवणारा एक डबा लागतो, आणि नवशिके लोक इथेच हमखास माती खातात. सगळ्यांच्या मते मुंबुआचा तो डबाच खोटा होता. स्योकाऊने सगळ्यात आधी तोच तपासला. मीटरचा आकडा बारावरून हलला नाही. फ्यूज बॅटरीजवळ, जिथे हवा तिथे. वायर हवी तेवढी जाड. सबवूफरची कॉइल ठणठणीत. सगळ्या वायरी सिसलच्या दोरीने शिवलेल्या, वितीवितीवर गाठ, टोकं आत दाबलेली. स्योकाऊ त्या शिवणीवरून बोट फिरवत मागे मागे गेली. टाका तिच्या आईचा होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्या टाक्यापेक्षा थोडा सरळ होता. हे तिने त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

पण स्टेरिओ जळाले होते, आणि उगाच काही जळत नाही.

स्टेरिओ मेलेला, म्हणून तिने आपला मोबाइल सरळ ॲम्प्लिफायरला जोडला आणि आवाज चढवला. दोन दणके बसले आणि ॲम्प्लिफायर गपकन बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बॅटरीपाशी वीज पुरेपूर होती, पण दणका बसला की ॲम्प्लिफायरच्या दोन टोकांमध्ये ती निम्म्यावर यायची. येणारी वायर तर चोख होती. म्हणजे खोट परत जाणाऱ्या वायरीत. तिने मीटरचं एक टोक त्या परतीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरीला लावलं, दुसरं बसच्या उघड्या लोखंडाला. तिथे शून्य दिसायला हवं होतं. दिसत होते चांगले सहा-सात व्होल्ट. मग तिने स्टेरिओकडून येणारी गाण्याची बारीक वायर उचलून पाहिली. तिचं वरचं आवरण वितळून चिकट झालं होतं.

अर्थिंग चुकलं होतं. अर्थिंग चुकणं म्हणजे ज्याने वायर बसवली त्याची चूक. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, गेली पोरगी. स्योकाऊने ते ऐकलं. तरी ती त्या वायरीमागे गुडघ्यांवर सरकत गेली, कारण शेवट बघितल्याशिवाय निकाल द्यायची तिला सवय नव्हती.

बसच्या मागच्या भिंतीवर आतून गाथोगोचं मोठं चित्र रंगवलेलं होतं. पांढरा शर्ट, एक हात स्टिअरिंगवर, तोंडभर हसू. अर्थिंगची वायर सीटखालून वर येऊन त्याच्या खांद्यावरच्या बोल्टला संपत होती. सिसलची शिवण सीटपर्यंत व्यवस्थित आली होती. तिथून पुढे वीतभर काळा टेप होता, आणि टेपवर पांढरा रंग.

स्योकाऊ तो टेप बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वळवली.

"ओडुओर, हा टेप कुणी लावला?"

खाई त्याला खवखवे. ओडुओर मघापासून बसच्या दाराशी उभा राहून छताकडे बघत होता.

"माझी पोरगी चुकेल," स्योकाऊ म्हणाली, "विसरेल, धांदल करेल. पण टेप लावणार नाही. टेप लावायचा तर तिला आधी माझ्या पोटी जन्म घ्यायला नको होता."

ओडुओर आत आला आणि सीटवर बसला. मग त्याने सांगितलं. मुंबुआने जागा नीट मोजूनमापून निवडली होती. बसची बाकी भिंत पातळ पत्र्याची, जमीन लाकडाची, आणि सरळ सांगाड्यातून वर आलेला जाड खांब नेमका त्या चित्राच्या खांद्यामागे. तिने तिथला रंग नाण्याएवढा खरवडून लख्ख लोखंड काढलं, बोल्ट आवळला, आणि ओडुओरला बजावलं की याला हात लावू नकोस. पण मालकाला जाऊन वर्ष होत आलं आणि त्याच्या नावाची प्रार्थना जवळ आली. घरची माणसं बसमधून चर्चला जाणार होती. मालकाच्या खांद्याला पडलेली ती जखम ओडुओरला बघवेना. त्याने बोल्ट काढला, चित्रकाराकडून तेवढा शर्ट नीट रंगवून घेतला, आणि रंग वाळल्यावर बोल्ट वरून पुन्हा बसवला. दोरी कापावी लागली होती, तिथे टेप लावला, आणि तो उठून दिसू नये म्हणून त्यावरही रंग फासला.

"वाटलं, रंगच तर आहे," तो म्हणाला. "फुंदी, रंगाने काय होतं?"

"ॲम्प्लिफायर जेवढा करंट खातो तेवढा परत जायला वाट लागते," स्योकाऊ म्हणाली. "मोठी वाट तू रंगाने बुजवलीस. मग तो निघाला या गाण्याच्या वायरीतून, स्टेरिओच्या पोटातून. उंदराच्या बिळातून हत्ती घातलास, बीळ फुटणारच."

ओडुओरने मान खाली घातली. तो चुकला होता, पण ज्या मायेने चुकला होता तिच्यावर रागावणार कोण? वांगेची पुढे झाली. तिने स्योकाऊच्या हातातला पॉलिशपेपर घेतला, चित्रासमोर उभी राहिली, आणि स्वतःच्या हाताने नवऱ्याचा खांदा घासायला लागली. पांढरा रंग तिच्या बोटांवर उतरत होता.

"सगळा जन्म ही बस खांद्यावर वाहिलीस," ती चित्राला म्हणाली. "एवढा एक बोल्ट जड नाही तुला."

लोखंड लख्ख झाल्यावर स्योकाऊने बोल्ट आवळला. टेप सोलून फेकला आणि राहिलेली वीतभर वायर सिसलच्या दोरीने शिवली, पोरीच्या टाक्याला टाका जुळवून. गाण्याची वायर नवी टाकली. मग जळलेला स्टेरिओ उघडला. आत केसाएवढी तांब्याची एक रेघ जळून तुटली होती. तिथे तिने बारीक तार सोल्डर केली आणि स्टेरिओ जागेवर बसवला.

ओडुओरने इंजिन चालू करून पाय दाबला. शिट्टी नव्हती. मग त्याने आवाज चढवला आणि रादी बोलली. रस्त्यावरचे पत्रे थडथडले, न्डुकूच्या कपांनी एकमेकांना धडका दिल्या, आणि मघाशी पैजा लावणारे मिस्त्री पैजा विसरून माना डोलवायला लागले. स्योकाऊ बसच्या पायरीवर उभी होती. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते तिने लपवलं नाही. आजवर स्वतःच्या कामाचा तिला अभिमान वाटला होता, हा त्याहून मोठा होता, कारण यात तिला एकच वीत शिवायला लागली होती.

वांगेचीने हाताचा रंग पुसला. "मग स्टॅंडवर काय सांगू?" तिने आवाजावर आवाज चढवून विचारलं. "फुंदी स्योकाऊने काय निकाल दिला?"

स्योकाऊने ओडुओरला हात करून गाणं थांबवायला लावलं. हे वाक्य तिला सगळ्या रस्त्याला ऐकवायचं होतं.

"सांग, मुंबुआच्या आईने बस तपासली," ती म्हणाली. "आणि मुंबुआचं काम चोख निघालं."

वांगेचीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि बसमध्ये चढली. बस रोंगाईला पोचेपर्यंत हा निकाल कुठल्या कुठे गेला असणार, कारण आमच्याकडे बसपेक्षा बातमीची चाकं वेगाने फिरतात.

बस गेल्यावर न्डुकूने चहा भरला. ताटलीत दोन गरम मांडाझी ठेवल्या आणि ती ठेल्यापाशी घेऊन आली. क्षणभर घुटमळली, मग म्हणूनच टाकलं.

"घे, मुंबुआची आई."

स्योकाऊने ताटली घेतली आणि दोन्ही मांडाझी खाल्ल्या.