नको म्हटलं की भांडं पुढं जातं

मुलाला डॉक्टरकी शिकायला विलायतेला धाडलं तेव्हा मी एक मिठागर विकलं. आमच्या कोलशेत गावातून त्याआधी कोणी एवढ्या लांब शिकायला गेलेलं नव्हतं. लोक पुष्कळ बोलले. मी कोणाला जुमानलं नाही.

त्याचं चौथं की पाचवं पत्र आलं. मी जेमतेम दोन बुकं शिकलेला, तरी त्याची पत्रं दुसऱ्याच्या हाती देत नसे. अक्षराला अक्षर जोडत वाचलं. लिहिलं होतं, "बाबा, इथे पोट भरत नाही. परत येऊ का?"

मला काही कळेना. त्याच पत्रात वर होतं की घरमालकीण बाई भली आहे, टेबलावर पाव, बटाटे, मटण सगळं असतं. मग हा उपाशी कसा? दोन दिवस तेच पत्र उलटंसुलटं वाचलं. शेवटी पोराच्या आईला वाचून दाखवलं, तर मधल्या एका ओळीवर तिने मला थांबवलं. बाई आणखी हवं का विचारते, हा नको म्हणतो, आणि ती भांडं घेऊन पुढच्याकडे जाते. पुन्हा विचारत नाही.

"तुम्हीच शिकवलंत की त्याला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

शिकवलं होतं खरं. लोकाच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. पण भली बाई आणि दुसऱ्यांदा विचारत नाही, ही कसली भली? मनातून वाढायचं नसेल तर पहिल्यांदा तरी का विचारते? गुंता सुटेना. पहिल्याच वेळी हो म्हण, एवढं लिहिलं की झालं. पण जे मी जन्मात केलं नाही ते पोराला कुठल्या तोंडाने सांगू?

त्याच आठवड्यात कल्याणला लेकीच्या सासरी गेलो. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नसतं; नातू झाल्यापासून मी तिथे जेवायला मोकळा होतो. विहीणबाई भात घेऊन आल्या, थोडा घ्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वाढा."

त्यांचा हात तसाच राहिला. पुढचा आग्रह तोंडाशी आला होता तो त्यांनी गिळला. कालवणालाही मी लगेच हो म्हटलं. व्याही माझ्या पानाकडे बघायला लागले. माझे कान तापले. निघताना लेक ओट्यापर्यंत आली नि हळूच म्हणाली, "बाबा, आईशी भांडलात का? घरी चूल पेटत नाही वाटतं."

घरी येऊन लिहायला बसलो. "पहिल्याच वेळी हो म्हण. लाज वाटेल. मी करून पाहिलं आहे. परत यायचं नाही." ठाण्यापर्यंत चालत जाऊन पत्र टपालात टाकलं.

पाचव्या दिवशी त्याचंच पुढचं पत्र आलं. माझं अजून बोटीतच असणार. त्याने लिहिलं होतं, मी इथेच राहतो. बाईला त्याने सरळ सांगून टाकलं होतं की आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नको नसतं. बाई हसली, आणि आता त्याला तीनदा विचारते.

त्याची आई देवापुढे साखर ठेवायला उठली. मी पत्र धरून बसलो. आनंद झाला, नाही असं नाही. पण आपल्या घरची रीत परक्या बाईपुढे अशी उघडी करायची, हे मला जमलं नसतं. पोराला जमलं. ते चांगलं झालं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. आणि कल्याणची माझी फजिती माझ्या पत्रातून तिकडे निघाली होती, ती परत मागवायची काही सोय नव्हती.