पिठाची पावलं

उंदीर, झुरळं, ढेकूण आणि वाळवी, या चौघांच्या जिवावर फवारेकाकांचं घर चाललं. पाठीला औषधाचा पंप अडकवून हा माणूस जन्मभर लोकांच्या ओट्याखाली रांगला, म्हणून हे नाव पडलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. चर्चमधले फादरसुद्धा त्यांना खरं नाव विसरून फवारेकाकाच म्हणायचे.

कामात पक्के. "उंदीर भिंत सोडून चालत नाही," हे त्यांचं पालुपद. भिंतीकडेचा मळकट पट्टा बघून उंदीर येतो कुठून, जातो कुठे, ते सांगायचे आणि मग ऐटीत चहाची वाट बघत बसायचे. एकच खोट होती. मनात अढी बसली की सुटायचं नाव नको.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या बाईंनी घोकून घेतलं होतं, आत्म्याचे शत्रू तीन: जग, देह आणि सैतान. तिघांनाही आपण कधीच लोळवलंय, असं काकांना वाटायचं. जग? लोक काय म्हणतील याला त्यांनी कधी भीक घातली नाही. देह? गुडघे गेले, साखर डॉक्टरांनी तोडली, आता मोह करायचा तरी कशाचा! आणि सैतान समोर आलाच तर त्यालाही एक फवारा मारू, म्हणायचे. काकू म्हणायची, "अहो, एवढा तोरा बरा नव्हे."

काकू कशावर बोट ठेवत होती ते काकांना पक्कं ठाऊक होतं. धाकट्या भावावर.

आई शेवटची वर्षं काकांकडे होती. कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं, सगळं या दोघांनी केलं. धाकट्याची बेकरी, तो रविवारी यायचा, मऊसा पाव आणायचा, तासभर बसून जायचा. आणि शेवटच्या दिवसांत आईच्या तोंडी नाव कुणाचं? धाकट्याचं! दार जरा वाजलं की "आला का गं तो?" आणि काका उशाशी, चमचा हातात धरून बसलेले. सांगा बरं, कुणाला नाही लागणार? आईला माती दिल्यापासून काका भावाशी एक शब्द बोलले नाहीत. भावाला कारण कळलं नाही, आणि विचारायला तोही काही कमी मानी नव्हता.

अशात पुतणी आली. भावाचीच मुलगी, पण काकांच्या खांद्यावर बसून वाढलेली. मांडीवर तान्हं बाळ. "काका, येत्या रविवारी बाप्तिस्मा आहे. धर्मबाप तुम्हीच व्हायचं. बाबा तोंड फुगवून बसले तर बसू देत." काकांचा जीव त्या पोरीत. ते नाही म्हणणार होते थोडेच!

त्याच आठवड्यात शिवणकामवाल्या बाईंचं बोलावणं आलं. दुकानात कापडाचे तागे कुरतडले जात होते. काका गेले, कपाट सरकवलं, टॉर्च मारला. मागच्या भिंतीला मुठीएवढं भोक, आणि भोकातून बाहेर आलेली इवलीइवली पावलं. पांढरी. काकांनी बोट टेकवून चोळून पाहिलं. पीठ!

भिंतीपलीकडे भावाचं पिठाचं गोदाम होतं.

"कुठून येतात हो मेले?" बाईंनी विचारलं.

"बघतो," काका म्हणाले. एवढंच.

बाई आपल्याच नादात होत्या. "बघा बाई नीट. सोमवारी आपल्या गल्लीत तपासणीवाले येणार आहेत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक उंदीर दिसला, तर टाळंच ठोकलं."

काकांनी भोकात तारेची घासणी कोंबली, वरून सिमेंट लिंपलं, हात धुतले. काम चोख. आता या बाजूला एक उंदीर फिरकणार नव्हता. म्हणजे जेवढे होते तेवढे सगळे पलीकडे, पिठातच राहणार होते. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

आणि तिथून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. बसले की उठायचे, उठले की बेकरीच्या रस्त्याने निघायचे, वळणावरून माघारी फिरायचे. आतून कुणीतरी अगदी समजूतदार आवाजात सांगत होतं, तू काय केलंस? काहीच नाही. उंदीर तू सोडलेस का? तपासणी तू बोलावलीस का? तू फक्त गप्प आहेस, आणि गप्प बसण्यात कसलं आलंय पाप? उद्या दाराला टाळं लागलं की रविवारचा मऊ पाव बंद. कळू दे त्यालाही, जीव तुटतो तो कसा. काकांना हे ऐकताना गोड वाटायचं, आणि मग त्या गोडीचीच शिसारी यायची. जेवण जाईना. रात्री कूस बदलून बदलून पाठ दुखली.

"कसलं भूत बसलंय मानगुटीवर?" काकूने विचारलं.

"काही नाही," काका खेकसले.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम होती. पुतणी, जावई, बाळ, दोन्हीकडची माणसं. खांबाजवळ धाकटा भाऊ, हाताची घडी घालून. फादर म्हणाले, "बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तुम्ही बोलायचं. मोठ्याने हं. सैतानाला नाकारता का?"

"नाकारतो," सगळे म्हणाले. काका सोडून.

"फवारेकाका?"

आठवडाभर गप्प बसायला किती सोपं गेलं होतं, आणि आता एक शब्द बाहेर येईना! फादर हसून म्हणाले, "अहो, नुसती तालीम आहे." सगळे हसले. काका तसेच उठून बाहेर गेले.

पायऱ्यांवर भाऊ मागून आला. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा बोलला. "दादा, माझा राग बाळावर कशाला? मनात नसेल तर आत्ताच नाही म्हण. उद्या पोरीची शोभा नको."

"तुझ्या गोदामात उंदीर झालेत," काका म्हणाले.

भावाचा चेहरा लालबुंद झाला. मागे व्याही येऊन उभे राहिलेले. "चर्चच्या दारात, चार लोकांत माझी अब्रू काढतोस?"

चार लोक! कुणाला भीक न घालणाऱ्या काकांना त्या चार लोकांची पहिल्यांदाच लाज वाटली. तरी ते बोलले. "खरंच झालेत. शिवणवाल्या बाईंकडचं भोक मीच बुजवलं, आता सगळे तुझ्याकडेच आहेत. सोमवारी तपासणी आहे, तेही मला माहीत होतं. माहीत असून गप्प बसलो."

"का?"

"तुझं वाटोळं व्हावं म्हणून."

व्याह्यांमागे पुतणीही बाळाला घेऊन येऊन उभी होती. तिने त्याला छातीशी धरलं आणि काकांकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. भाऊ पायऱ्या उतरून निघून गेला.

झालं. धर्मबापपण गेलं, पुतणी गेली. काका घरी आले, पंप, टॉर्च, घासण्या, सिमेंट उचललं आणि बेकरीवर गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले. भाऊ एकटाच पिठाची पोती भिंतीपासून ओढत होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला. त्याने वर पाहिलं नाही. "टॉर्च इकडे धर."

काकांनी धरला. दोघांनी पोती ओढली, फुटलेली बाजूला काढली, भोकं शोधली, सापळे लावले.

"एवढं काय केलं होतं मी तुझं?" भावाने शेवटी विचारलं.

काकांनी भोकाकडे बघतच सांगितलं. आईचं. दाराचं. चमच्याचं.

भाऊ कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि असा चिडला, की पोत्याला लाथ मारली. "अरे मूर्खा! मी दूर होतो म्हणून माझं नाव घ्यायची ती. तू उशाशी होतास. उशाशी बसलेल्याला कुणी हाक मारतं का, दादा?"

काका खाली बसले, पिठातच. म्हातारा माणूस लहान पोरासारखा ढसाढसा रडला, आणि भाऊ पाठ फिरवून उगाचच सिमेंट कालवत राहिला.

रविवारी सकाळी चर्चच्या दारात पुतणी थांबली होती. एक अक्षर न बोलता तिने बाळ काकांच्या हातात दिलं. अजून रागावली होती, पण दिलं. काकांच्या नखांत पीठ आणि सिमेंट तसंच होतं.

"सैतानाला नाकारता..." फादरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत काका ओरडले, "नाकारतो!" बाळ दचकून उठलं आणि भोकाड पसरलं. खांबाजवळून भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, हळू!"

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. सापळ्यांत तीन उंदीर सापडले होते, चौथा डोळ्यांदेखत निसटला होता. पाणी बाळाच्या कपाळावर पडत होतं आणि काकांची नजर भिंतीच्या कडेकडेने फिरत होती. त्यांना आता त्या चौथ्याचा घोर लागला होता.