घारापुरीच्या लेण्यात आई थांबली तेव्हा

मंडळी, आम्ही आत्ताच पेणला घरी पोचलोय. चहा ठेवलाय, तोवर हे सांगते.

आज आईला घारापुरी बेटावर नेलं. जवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात तिनं कितीतरी वर्षं गणपतींचे डोळे रंगवले. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले आणि तिनं काम सोडलं. तेव्हापासून घरातही फारशी बोलत नव्हती.

मोरा बंदरावरून लाँचनं गेलो. पायऱ्या चढताना झाडांतून समुद्र दिसला, की ती थांबायची आणि पुन्हा गप्पच चालायची. लेण्यात मात्र महादेवाच्या एका मूर्तीसमोरून हलेना. मूर्तीचे हात तुटलेले, पाय तर नाहीतच. चेहरा मात्र शांत.

"आमच्याकडं एक बोट मोडलं तरी मूर्ती बाजूला काढतात," ती म्हणाली. "आणि याला बघायला लोक कुठून कुठून येतात गो!"

मी तिचा थरथरता हात नुसता धरून ठेवला.

परतीच्या लाँचमध्ये तीच म्हणाली, "उद्या कारखान्यात जाते. मला आता डोळे रंगवायला जमायचं नाय. पण नव्या पोरींना शिकवता तर येईल ना?"

"व्हय आई, येईल की," म्हटलं आणि डोळे पुसायला तोंड समुद्राकडे वळवलं.

तुमच्या घरी कुणी असं हातचं काम सुटल्यावर गप्प झालंय का? ते पुन्हा कशानं बोलायला लागलं?