मशीन अजून बिघडलेलंच आहे!

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. कारण हा गाढवपणा मी एकटीनं केला नाही, सासूला सोबत घेऊन केला!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे रसायनीला कारखान्यात फिटर होते, तिथून गेले मस्कतला. मी कर्जतला, सासूबाईंबरोबर. दोन वर्षांतून एकदा यांची सुट्टी. एका सुट्टीत येताना काय आणलं असेल? तिथल्या साहेबाच्या घरचं जुनं वॉशिंग मशीन! पाणीसुद्धा आपलं आपण गरम करणारं. अख्खी आळी बघायला आली. मला मशीन नको होतं हो, माणूस हवा होता. पण मशीन राहिलं आणि माणूस परत गेला.

पत्र लिहायचा यांना भारी कंटाळा. "मी खुशाल, तू खुशाल राहा, आईला जयभीम." संपलं पत्र! फोन म्हणाल तर पोस्टात जाऊन ताटकळायचं, आणि लागलाच तर "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" यातच वेळ खलास.

अशात मशीननं पाणी गरम करायचं सोडलं. मी तसं कळवलं. काही दिवसांनी यांच्याबरोबर काम करणारा चौक गावचा एक माणूस सुट्टीवर आला, त्यानं एक पुडकं आणून दिलं. आत नवा सेन्सर, काट्याचा मीटर आणि एक कॅसेट! लिहायचा कंटाळा ना, म्हणून सेन्सर कसा तपासायचा, कसा बसवायचा, ते सगळं बोलून पाठवलेलं.

टेप लावला आणि घरात यांचा आवाज!

"मंदे, आधी प्लग काढ. काढलास? खरं सांग."

"काढला हो!" मी टेपला म्हटलं.

"काढला रं बाबू, मी बघितला!" सासूबाईंनीही टेपलाच सांगितलं.

"आता मागचं झाकण खोल. खाली दोन वायरी लावलेला करंगळीएवढा तुकडा दिसेल. पाणी किती तापलंय ते तोच मशीनला सांगतो. हळू काढ, पाणी सांडेल."

सांडलं. दोघी चिंब!

"आता पातेल्यात पाणी तापत ठेव. मीटरच्या वायरी सेन्सरला लाव, सांडशीनं धर आणि नुसतं टोक बुडव. पाणी तापेल तसा काटा सरकला पाहिजे. ढिम्म राहिला तर सेन्सर मेला समज. हात भाजून घेऊ नकोस. मी थांबतो तोवर."

आणि थांबले की! कॅसेटमध्ये नुसता पंख्याचा आवाज, मधेच यांचं खोकणं, कसलंतरी गुणगुणणं. मी स्टोव्हपाशी सांडशी धरून उभी, आणि हे पाठीमागं थांबलेले. लग्न झाल्यापासून इतका वेळ हे माझ्यासाठी स्वयंपाकघरात कधी थांबले नव्हते. इतकी आठवण आली, इतकी आठवण आली, की डोळे भरून वाहायला लागले.

"धूर लागला का गं?" सासूबाई म्हणाल्या. रॉकेलच्या स्टोव्हला कुठला आलाय एवढा धूर? पण त्यांचाही पदर डोळ्यालाच होता.

काटा ढिम्म. मग नवा सेन्सर बुडवला, तर सरसर सरकला! तो बसवला, वायरी जोडल्या, मशीन लावलं. पाणी असं झकास तापलं म्हणता!

लगेच पत्र लिहायला बसले. 'झालं दुरुस्त' असं लिहिणार, एवढ्यात पेन थांबलं. दुरुस्त झालं म्हटलं तर पुढची कॅसेट कशाला येईल? लिहिलं, "सेन्सर बदलला. तरी पाणी गारच."

आली की दुसरी कॅसेट! दोन्ही बाजू भरून! हीटर असा बघ, वायर तशी बघ. आम्ही दोघी चहा घेऊन ऐकत बसायचो. शेजारी मशीन गरम पाण्यात चादरी धूत असायचं, आणि हे टेपमधून काकुळतीला येऊन विचारायचे, "आता तरी तापलं का गं?"

"नाय रं बाबू," सासूबाई म्हणायच्या आणि बशीत चहा ओतायच्या.

मग मी लिहिलं, मशीन गळतंय. तिसरी कॅसेट! पुढच्या पत्राला बसले तर सासूबाई म्हणाल्या, "आता काय लिवतेस?"

"तेच. अजून गळतंय."

"त्यानं काय होतंय? लिव, शाक बसतोय. मंग बघ कशा दोन-दोन कॅशेटी धाडतो!"

लिहिलं! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?

बुद्धपौर्णिमेला हे सुट्टीवर यायचे होते. मी पडदे धुतले, गरम पाण्यात बरं का! सासूबाईंनी लेकासाठी सुके बोंबील आणून ठेवले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दारात टेंपो थांबला. मी तशीच अनवाणी धावले. टेंपोतून उतरलं एक भलंमोठं खोकं. मग मस्कतहून आलेला खोपोलीचा एक माणूस. त्याच्यामागून कुणीच नाही.

"हे कुठायत?"

"वहिनी, त्यांनी कॅसेट दिलीय."

तशीच लावली.

"मंदे, शॉकचं वाचलं आणि झोपच उडाली बघ. तुला काही झालं तर मी काय करू? म्हणून यंदा सुट्टी घेतली नाही. सुट्टी न घेणाऱ्याला कंपनी जादा पगार देते, त्यात नवंकोरं मशीन घेतलं. जुन्याला हात लावू नकोस. आणि हे असलं भारी आहे ना, दहा वर्षं बिघडायचं नाव घेणार नाही. आता तुला कॅसेट ऐकायची कटकटच नाही!"

एवढंच. पुढं सगळी कॅसेट कोरी.

घरात दोन मशिनं, दोन्ही ठणठणीत. आणि नवरा समुद्रापलीकडं! मी खोक्याला टेकून मुसमुसत बसले. सासूबाईंनी त्या नव्या मशीनभोवती एक फेरी मारली. मग हळूच म्हणाल्या, "मंदे, याची येखादी वायर तोड गं."

"कुठली तोडू? मला काय कळतंय त्यातलं?"

"मंग बाबूला इचार की!"

आणि मी येडी, खरंच कागद-पेन घेऊन बसले!