इंजिन बदलायचं कारण

आमच्या आप्पांनी पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवायचं ठरवलं, तेव्हा मी नांदेडला मावशीकडं राहून अकरावी करत होते. खरं तर मी लातूरलाच शिकणार होते. मुरुडहून ते जवळ, शिकवण्याही तिथल्या गाजलेल्या, आणि राहायला खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पण मी दहावीत असतानाच भूकंप झाला आणि दुमजली घरात पोरीला ठेवायला आईचं मन धजेना. म्हणून माझी रवानगी नांदेडला झाली.

आप्पांचं मुरुडच्या बाजारात बियाण्याचं दुकान होतं. गाडी होती लांब पाठीची स्टेशन वॅगन, हैदराबादच्या एका शाळेनं काढून टाकलेली. मागची सीट पाडली की बियाण्याची पोती मावायची, उभी केली की आम्ही सगळे मावायचो. आवाज असा तिला नव्हताच. आप्पा मान न वळवता मागच्या माणसाशी हळू आवाजात बोलायचे आणि ते नीट ऐकू जायचं.

इंजिन बदलायचं म्हणल्यावर सगळ्यांना वाटलं, डिझेल स्वस्त पडतं म्हणून. मलाही तेच वाटलं. लातुरात हे काम कुणी अंगावर घेईना, म्हणून गाडी नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या एका गॅरेजात आली. तिथले उस्ताद साठीचे होते. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात बग्ग्या दुरुस्त करायचे, वडील लॉऱ्या. एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं इंजिन उस्तादांनी मिळवलं, पूर्ण उघडून साफ केलं, आणि मग आप्पांना समोर बसवून सांगितलं की हे इंजिन वजनदार हाय, गाडीचं पुढचं अंग दबंल, थरथर लई राहील, मऊ चालायची सवय असलेल्या माणसाला ते आवडणार न्हाई.

आप्पा म्हणाले, चालंल.

दर रविवारी ते एसटीनं मुरुडहून यायचे आणि मी मावशीकडून डबा घेऊन गॅरेजात जायची. जुनं इंजिन साखळीनं वर उचललं, त्या रविवारी मी तिथं होते. आप्पा त्या रिकाम्या खळग्यात बराच वेळ वाकून बघत राहिले. नवं इंजिन सरळ बसतच नव्हतं. ज्या पट्ट्यांवर ते टेकायचं त्या कापाव्या लागल्या, पुन्हा जोडाव्या लागल्या. बॉनेट मिटेना, म्हणून त्याला मधोमध फुगवटा काढावा लागला. पेट्रोलची टाकी उतरवून आतून धुतली, दोन दिवस उन्हात उपडी ठेवली. आप्पा हे सगळं स्टुलावर बसून बघायचे. दुकानातला माणूस इतका वेळ गप्प बसू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काम संपत आलं तसा आरटीओला अर्ज करायची वेळ आली. गाडीच्या कागदावर पेट्रोलच्या जागी डिझेल लिहून घ्यायचं होतं. माझं अक्षर बरं, म्हणून गॅरेजातल्या बाकड्यावर बसून मी अर्ज लिहायला घेतला. गाडीचा नंबर झाला, इंजिनचा नंबर झाला. मग मी विचारलं, "आप्पा, कारण काय लिहू?"

ते इंजिनाकडं बघत होते. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"पेट्रोल न्हवतं म्हणून माझी बहीण गेली, असं लिही म्हणलं तर लिहिशील का?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्या थोरल्या आत्याचं सासर किल्लारीच्या अंगाला होतं. भूकंपाच्या दिवशी उजाडताच आप्पा आणि आई गाडी घेऊन निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी राहिले होते. लातुरातल्या पंपावर त्या सकाळी ही रांग. टाकी अर्धी होती. रांगेत उभं राहायला आप्पांचा जीव मानेना, ते तसेच पुढं गेले. गावात दगडमातीखालून लोकांनी आत्याला काढून ठेवलं होतं. ती जिवंत होती, बोलत होती. तिला मागं निजवलं, शेजारच्या घरातली पाच-सहा वर्षांची एक पोरगी होती पाय चिरडलेली, तिला तिच्याजवळ ठेवलं, आणि आई दोघींना धरून मागं बसली. येताना ठिकठिकाणी रस्ता अडलेला, गाडी तासन् तास चालू ठेवावी लागलेली. लातूरच्या अलीकडचं औसा ओलांडून थोडं पुढं आले आणि पेट्रोल संपलं.

"लोक कॅन घेऊन पळत आले," आप्पा म्हणाले. "वस्तीवरनं, मळ्यातनं. ज्याच्या त्याच्या हातात डिझेल. लागंल तेवढं घ्या म्हणत होते. मला एक थेंब घेता आला न्हाई."

दीड तासानं एका टेम्पोनं त्यांना लातूरला पोचवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याचा हात धरून बघितला आणि खाली ठेवला. पोरगी वाचली.

उस्ताद हात पुसत कधी जवळ आले होते मला कळलं नाही. ते म्हणाले, "बेटा, बचतीसाठी असं लिही. साहेब लोकांना तेवढं पुरंल." मी तसं लिहिलं. पुढच्या रविवारी गेलो तर मागच्या चाकाच्या वर उस्तादांनी आणखी एक छोटी टाकी बसवलेली होती. कुणी सांगितली नव्हती. हिची चावी वेगळी हाय, एवढंच त्यांनी आप्पांना सांगितलं.

संक्रांतीला मी घरी गेले. आई तीळ निवडत बसली होती. आप्पांनी गॅरेजात जे सांगितलं ते मी तिला सांगितलं, आणि आप्पा स्वतःला किती दोष देत राहिलेत हेही बोलले. आईचा हात थांबला. तिनं उठून दार लोटलं आणि परत येऊन बसली.

"गाडी थांबायच्या आधीच गेल्या होत्या आक्का," ती म्हणाली. "औसा यायच्याही आधी. माझ्या मांडीवर."

मला काही कळेना. मी म्हणलं, मग सांगितलं का नाही?

तिनं सांगितलं ते असं. आप्पा गाडी चालवताना सारखे आत्याशी बोलत होते. आक्का, हे गाव मागं गेलं बघ. आक्का, आता औसा येतंय. आत्या हूं म्हणायची. मग एकदा तिच्याकडून हूं आलं नाही. आप्पांनी पुन्हा विचारलं. तेव्हा आईनं हूं म्हणलं. खरं कळलं असतं तर त्यांनी तिथंच गाडी उभी केली असती, स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले असते, आणि ती पोरगी तिथंच संपली असती. म्हणून तिथून पुढं आईच हूं म्हणत राहिली. पेट्रोल संपल्यावरही तिनं आत्याच्या तोंडावर पदर ओढला आणि डोळा लागलाय म्हणून आप्पांना सांगितलं. बहिणीच्या देहाशी आप्पा बोलत होते आणि आई उत्तर देत होती.

"आता कोणत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "तू बी सांगू नको."

मी सांगितलं नाही.

गाडी मुरुडला आली. किल्ली थोडी फिरवून धरायची, इंजिन आतून तापून लाल दिवा विझला की मगच पूर्ण फिरवायची, हे आप्पा लवकर शिकले. पण पहिल्याच सकाळी त्यांनी दारात गाडी सुरू केली तर गल्लीतल्या घरांची भांडी खडखडली आणि लोक लेकरं उचलून रस्त्यावर आले. भूकंप समजून. एक म्हातारी थरथरत आमच्या ओट्यावर बसली, तिला आईनं पाणी दिलं. त्या दिवसापासून आप्पा गाडी ढकलत मोठ्या रस्त्यावर न्यायचे आणि तिथं सुरू करायचे. पन्नाशीकडं आलेला माणूस एकटाच ढकलायचा. कुणी हात लावायला आलं तर नको म्हणायचे.

दोन-तीन वर्षांनी लोकांची भीती मोडली. लातूरच्या शिकवण्यांना पोरांची रीघ लागली आणि मुरुडची पोरं रोज जा-ये करू लागली. आप्पा दुकान माझ्या काकांवर सोडून गाडीतून पोरं नेऊ लागले. सुट्टीत मी कधी त्यांच्यासोबत जायची. आता गाडीत एवढा आवाज की मागचं काही ऐकू येत नसे. तरी आप्पा मधूनमधून ओरडून विचारायचे, सगळे हायती का? पोरं पुस्तकात डोकं घालून हूं म्हणायची. ते मान हलल्यावरच आरशात कळायचं. आप्पा गाडीचा वेग कमी करायचे.

"हूं न्हाई. तोंडानं बोला."

पोरं हसायची, मोठ्यानं हाव म्हणायची. मी खिडकीबाहेर बघायची. घरी येऊन आईला हे मी कधी सांगितलं नाही. पण मुरुड केवढं, तिच्या कानावर कुणीतरी घातलंच असणार.

पुढं पोरांसाठी मोठ्या बसगाड्या आल्या. आप्पांच्या गाडीचं पुढचं अंग उस्ताद म्हणाले होते तसं दबत गेलं, स्टेअरिंग जड झालं, आणि त्यांच्या खांद्यानं ते झेपेना. देवणीकडच्या एकानं ती शेतातली ओझी वाहायला नेली. किल्ल्या देताना आप्पांनी त्याला छोटी टाकी कशी उघडायची ते तीनदा समजावलं.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे परतले, भाऊही कामावर गेला, आणि घरात मी आणि आई दोघीच उरलो. आई ओट्यावर बसली होती. चहा दिला तो तिनं तसाच ठेवला.

"त्यांना कळलं असंल का गं?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, मला न्हाई वाटत. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं एका ताटात जेवलो. कळलं होतं तर त्यांनी मला विचारायचं होतं की."

तिनं नंतर हा विषय काढला नाही, मीही नाही. त्या दिवशी आम्ही आप्पांचे कपडे बांधले, चांगले होते ते गड्याला दिले, आणि संध्याकाळी मी लातूरची बस धरली.